लान्सचा तिप्पट वार आणि त्यावर क्रिटिकल: एकूण किती पट डॅमेज धरावे?

प्रश्न

आम्ही पाच जण दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची ३.५ आवृत्ती खेळतो. गेल्या खेपेला एकाच वारावरून खेळ अर्धा तास अडला, म्हणून प्रसंग जसा घडला तसा मांडतो. माझा स्वार घोड्यावरून ट्रोल या राक्षसावर चार्ज करत, म्हणजे वेगाने चाल करून जात होता, हातात +१ फ्लेमिंग लान्स (आगीचे जास्तीचे डॅमेज, म्हणजे इजा, देणारा जादूचा लांब भाला) होता आणि त्याच्याकडे स्पिरिटेड चार्ज हे फीट (पात्राचे खास कौशल्य) आहे. वीसचे दान पडले आणि पुढच्या फाशाने क्रिटिकल (अनेकपट डॅमेज देणारा अचूक वार) पक्काही झाला. डी-८ वर, म्हणजे आठ बाजूंच्या फाशावर, ५ आले, त्यात शक्तीचे ३ आणि जादूचा १ मिळवून ९ झाले, तर आगीच्या डी-६ वर ३ आले.

आमच्या डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) चार्जचे तिप्पट आणि क्रिटिकलचे तिप्पट असा गुणाकार करून नऊपट, म्हणजे ८१ डॅमेज दिले आणि ६३ हिट पॉइंटांचा (डॅमेज सोसण्याच्या गुणांचा) ट्रोल आडवा झाला. दुसऱ्या एका खेळाडूचे म्हणणे असे की लान्सची दुप्पट, फीटची तिप्पट आणि क्रिटिकलची तिप्पट एकत्र केली की सहापट होते. नियमाप्रमाणे बरोबर काय, आणि आगीचे ३ यात कुठे बसतात?

प्रतिसाद १

उत्तर पाचपट आहे. या आवृत्तीत डॅमेजवर एकाहून अधिक गुणक लागू झाले, तर त्यांचा आपसात गुणाकार होत नाही. पहिला गुणक पूर्ण धरायचा आणि पुढच्या प्रत्येक गुणकातून १ वजा करून उरलेले त्यात मिळवायचे. म्हणून ३ अधिक २ बरोबर ५.

सहापट म्हणणाऱ्या तुमच्या मित्राची चूक समजण्याजोगी आहे, कारण घोटाळा फीटच्या शब्दरचनेतच दडलेला आहे. घोड्यावरून चार्ज करताना लान्स मुळातच दुप्पट डॅमेज करतो. स्पिरिटेड चार्ज इतर शस्त्रांना दुप्पट आणि लान्सला तिप्पट देते. ही तिप्पट म्हणजे लान्सची दुप्पट आणि फीटची दुप्पट याच नियमाने जोडून आलेला तयार हिशेब आहे. ती धरल्यावर लान्सची दुप्पट वेगळी मोजली, तर एकच लाभ दोनदा पदरात पडतो.

आगीचा फासा मात्र कधीच गुणला जात नाही. शस्त्राच्या नेहमीच्या डॅमेजवर जास्तीचे फासे म्हणून जे मिळते, मग ती आग असो वा स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा वार), ते एकदाच मिळवायचे. तुमच्या दानावर ४५ अधिक ३, म्हणजे ४८. ट्रोलचे १५ हिट पॉइंट उरले असते.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण एक दुरुस्ती आवश्यक वाटते. नियमात पाचपट म्हणजे एका दानाला पाचाने गुणणे नव्हे, तर डी-८ अधिक ४ हे पाच वेळा टाकून बेरीज करणे. दोन्हींची सरासरी ४२.५ च येते, तरीही खेळाला येणारा रंग वेगळा असतो. एकच फासा गुणला तर दर आठ वारांत एकदा पूर्ण ६० मिळतात; पाच फासे टाकले तर त्यासाठी पाचही फाशांवर आठ पडावे लागतात आणि ती शक्यता ३२,७६८ मध्ये एक आहे. मोठ्या वारात नशिबाचा झोका आवरावा म्हणून मला पाच फासेच योग्य वाटतात.

प्रतिसाद ३

बेरजेचा हा नियम फक्त डॅमेज, फाशाचे दान, मॉडिफायर (दानात मिळवायचे गुण) अशा अमूर्त संख्यांना लागू आहे, हेही आपल्या डीएमला अवश्य सांगावे. वजन आणि अंतर यांना साधा गुणाकारच लागतो: आकार दुप्पट झालेल्या प्राण्याचे वजन आठपट होते, आणि तो नंतर दगड होऊन आणखी सुमारे तिप्पट जड झाला तर एकूण चोवीसपट धरायचे, दहापट नव्हे. बहुधा हाच भेद नजरेआड झाल्याने नऊपट आले असावे. शिवाय त्यांना २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची सवय असेल, तर तिथे क्रिटिकलला फक्त फासे दुप्पट टाकतात आणि शक्तीचे गुण एकदाच मिळवतात. ती पद्धत इथे आणू नये.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. डीएमला हे वाचून दाखवले आणि त्यांना ते पटले. येत्या रविवारी ट्रोल उभाच आहे असे धरून त्याच वारापासून सुरुवात करू, आणि या वेळी पाच फासे टाकू.