फ्रँक ग्राइम्सच्या अंत्यविधीला सगळे हसतात, तेव्हा तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. तिन्ही शिफ्टमध्ये मिळून एकवीस वर्षं झाली. मुलगी अकरावीत आहे, तिच्यामुळे ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका बघायला लागलो. नायक होमरचं घर, त्याच्या मुलाच्या, बार्टच्या खोड्या, हे सगळं छानच आहे, पण माझं लक्ष असतं ते होमर जिथे काम करतो त्या अणुवीज केंद्राकडे. सेक्टर ७-जी, ती पॅनेलसमोरची खुर्ची, मालक बर्न्स, त्याच्या मागेमागे फिरणारा स्मिदर्स, आणि कॅन्टीनमधले लेनी आणि कार्ल. कॅन्टीनमधलं त्यांचं बसणं मला फार ओळखीचं वाटतं.

गेल्या आठवड्यात १९९७ सालचा ‘होमर्स एनिमी’ हा भाग बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस कामाला लागतो. चार वर्षांचा असताना आईबापांनी सोडलेला, अठराव्या वाढदिवसाला स्फोटात जखमी झालेला, टपालाने शिकून अणुभौतिकीची पदवी मिळवलेला. त्याची गोष्ट टीव्हीवर बघून बर्न्सचं मन भरून येतं आणि याला थेट उपाध्यक्ष करा म्हणून हुकूम सुटतो. दुसऱ्या दिवशी बर्न्स टीव्हीवर एका शूर कुत्र्याची गोष्ट बघतो, आता त्याला उपाध्यक्ष म्हणून तो कुत्रा हवा असतो. ग्राइम्सची रवानगी होमरच्या शेजारी.

होमर त्याचा डबा खातो, त्याच्या पेन्सिली चावतो. एकदा होमर बेसावधपणे सल्फ्युरिक ॲसिडचा बीकर तोंडाला लावणार, इतक्यात ग्राइम्स हात मारून तो उडवतो. ॲसिड भिंतीवर पडतं, भिंत खराब होते, आणि नेमका तिथे आलेला बर्न्स ग्राइम्सचाच पगार कापतो. आमच्याकडे ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक टँकरने येतं. हा प्रसंग बघताना माझा हात आपोआप पुढे गेला. मुलगी म्हणाली, “बाबा, कार्टून आहे.”

शेवटी ग्राइम्सचा तोल जातो, होमरची नक्कल करत तो हातमोजे न घालता उच्च दाबाच्या तारांना हात लावतो आणि मरतो. अंत्यविधीत होमरला डुलकी लागते, झोपेत तो बायकोला, मार्जला, चॅनेल बदलायला सांगतो. लेनी म्हणतो, हा आपला होमर! सगळे हसतात आणि शवपेटी खाली जाते.

आता माझा प्रश्न. बर्न्स कसा आहे हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. होमरलाही कळत नाही, तो मनाने वाईट नाही. पण लेनी आणि कार्ल? ते दोघं समजूतदार आहेत, कामाचे आहेत. ग्राइम्स कॅन्टीनमध्ये त्यांना विचारतो की होमरसारखा माणूस सेफ्टी इन्स्पेक्टर कसा चालतो, तर ते म्हणतात की चुका सगळ्यांकडून होतात, सोडून दे. मला या दोघांचा राग आला, आणि इतका का आला हे मी दोन दिवस स्वतःला विचारत होतो.

कारण सांगतो. २०११ मध्ये आमच्याकडे एक मुलगा लागला. दिवसा काम करून संध्याकाळच्या वर्गात डिप्लोमा केलेला. स्क्रूड्रायव्हरचा संच स्वतःचा, प्रत्येक मुठीला निळी टेप. एका टाकीचा लेव्हल ट्रान्समीटर अधूनमधून अडकायचा, म्हणजे टाकी भरत राहायची आणि पॅनेलवरचा आकडा जागचा हलायचा नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आम्ही बाहेर जाऊन त्याला टिचकी मारायचो, आकडा हलायचा, परत आत. तो मुलगा मात्र दर वेळी लॉगबुकात लिहायचा, निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, फॉर्म भरायचा. कॅन्टीनमध्ये त्याचं नाव पडलं ‘लॉगबुक’. ते नाव मी ठेवलं होतं.

एका नाईटला आकडा चाळीस मिनिटं हलला नाही, तेव्हा त्याने पंप बंद केला. डिप घेतली, म्हणजे टाकीतली पातळी हाताने मोजली, तर लेव्हल पॅनेलपेक्षा बरीच वर होती. तरी सकाळी मेमो मिळाला त्यालाच, न विचारता पंप बंद केला म्हणून. तो मेमो त्याने कॅन्टीनमध्ये उघडला. कुणीतरी म्हणालं, “याचीही नोंद कर रे लॉगबुकात.” सगळे हसले. मीही हसलो. २०१३ मध्ये तो सोडून गेला.

तर तुम्हाला काय वाटतं? त्या हसण्यात लेनी-कार्लचा दोष किती?

जुनी कॅसेट

रात्रपाळी, तुम्ही फार नेमकी जागा पकडलीत. हा भाग आठव्या सीझनचा. तेव्हा मालिकेची सूत्रं बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांच्याकडे होती. आपल्यासारखा एक खराखुरा माणूस होमरच्या शेजारी कामाला बसवला तर काय होईल, ही त्यांची कल्पना. बाकी सगळे त्या जगाच्या नियमांना सरावलेले आहेत. ग्राइम्स आपल्या जगातून आलाय, म्हणून त्याला तारांचा धक्का बसला की तो मरतो. होमरला त्याआधी कितीतरी वेळा असले धक्के बसलेत, तो उठून उभा राहतो.

त्यामुळे मी लेनी-कार्लला दोष देणार नाही. पगार कुणी कापला? बर्न्सने. खुर्ची कुणी दिली, कुणी काढली? बर्न्सने. आणि होमर सेफ्टी इन्स्पेक्टर कसा झाला ते आठवा, १९९० च्या ‘होमर्स ओडिसी’ या भागात. नोकरी गेल्यावर तो गावात सुरक्षेसाठी आंदोलन करत फिरतो, लोक त्याच्या मागे उभे राहतात, कारखान्याच्या दारात मोर्चा येतो. तेव्हा त्याला गप्प करायला बर्न्स तीच खुर्ची देऊ करतो. म्हणजे सुरक्षेची खुर्ची त्या कारखान्यात पहिल्यापासून कशासाठी होती ते बघा. तुमच्याकडेही मेमोवर सही कॅन्टीनमधल्या कुणाची नव्हती.

मोगरा

मी बावीस वर्षं एका मोठ्या साहेबांची स्वीय सहायक होते, आता निवृत्त आहे. माझा नातू मला हे सगळं दाखवतो. मला स्मिदर्सबद्दल बोलायचं आहे, चालेल ना?

१९९६ चा ‘होमर द स्मिदर्स’ जरूर बघा. स्मिदर्सला सुट्टीवर जायचं असतं आणि बदली म्हणून तो मुद्दाम होमरला निवडतो, कारण हा आपल्यापेक्षा सरस ठरणार नाही याची खात्री. पुढे होमर वैतागून बर्न्सला ठोसा मारतो, आणि मग बर्न्स स्वतःची कॉफी स्वतः करायला शिकतो, फोन स्वतः उचलायला शिकतो. स्मिदर्स परत येतो तेव्हा त्याची गरजच उरलेली नसते. त्याचा त्या वेळचा चेहरा बघून मला रडू आलं.

मी पण रजेवर जाताना फायलींची जागा कुणाला सांगत नसे. साहेबांना औषधाची गोळी कोणत्या खणात आहे हेसुद्धा फक्त मला माहीत. तेव्हा मला ती निष्ठा वाटायची. आज वाटतं, भीती होती. साहेब कुणावर ओरडले तर मी दाराबाहेर त्या माणसाला पाणी द्यायचे, पण आत जाऊन एक शब्द बोलले नाही. रात्रपाळी, तुमच्या त्या मुलाचा मेमो कुणीतरी टाइप केला असेल. त्या बाईलाही कळलं असणार तो चुकीचा आहे म्हणून.

कोकणकडा

युनियनचा माणूस म्हणून थोडं वेगळं सांगतो. ‘लास्ट एक्झिट टू स्प्रिंगफील्ड’, १९९३. बर्न्स कामगारांची दातांच्या उपचाराची योजना काढून घेतो आणि बदल्यात बिअरचं पिंप देतो. सगळे पिंपाकडे धावतात, कारण फुकट आहे. तेवढ्यात लेनी म्हणतो, गेली आपली दातांची योजना. ते होमरच्या कानावर पडतं, त्याला मार्जचं आठवतं की त्यांच्या मुलीला, लिसाला, दातांना तारा बसवायच्या आहेत, आणि ही दोन वाक्यं त्याच्या डोक्यात आलटून पालटून वाजत राहतात तेव्हा कुठे ट्यूब पेटते. म्हणजे संपाची ठिणगी लेनीच्या तोंडून पडली. पुढे बर्न्स गावाची वीज तोडतो तरी हेच लोक अंधारात गेटवर उभे राहून गातात, आणि योजना परत मिळवतात.

आमच्या गेटवर मी हे बघितलंय. बारा दिवस बसलो होतो. जो माणूस एरवी कामात अंगचोरपणा करायचा, तो रोज पहाटे सगळ्यांसाठी चहा घेऊन यायचा. कॅन्टीनमधली चेष्टा आणि गेटवरची एकी एकाच मुळातून येते, असं माझं मत आहे. ज्याला आपला मानलं त्याचं सगळं पोटात घालायचं. ग्राइम्स त्यांच्यात कधी बसलाच नाही. आल्या दिवसापासून तक्रार.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. मोगराताई, तुमचं मी दोनदा वाचलं.

कोकणकडा, तुमचं पटतं आणि एका जागी अजिबात पटत नाही. ‘त्यांच्यात कधी बसलाच नाही’ म्हणता. आमच्या कॅन्टीनला खिडकीकडे लांब टेबल आहे, आठ जणांचं. आम्ही सात असायचो. आठव्या जागेवर हेल्मेटं ठेवायचो. तो मुलगा ताट घेऊन यायचा, हेल्मेटांकडे बघायचा आणि हात धुवायच्या बेसिनजवळच्या छोट्या टेबलावर जाऊन बसायचा. दोन वर्षं. हेल्मेटं उचलायला आम्हाला किती वेळ लागला असता? मग आम्हीच म्हणायचो, हा मिसळत नाही.

जुनी कॅसेट, सही साहेबांची होती, खरं आहे. पण तो सोडून गेला तो मेमोमुळे नाही असं मला वाटतं. मेमो आमच्यापैकी निम्म्या लोकांना मिळालेत, आम्ही खिशात घालून परत कामाला लागतो. कारण बाहेर आल्यावर सहा जण पाठीवर हात ठेवतात. त्याच्या पाठीवर कुणी ठेवला नाही. बर्न्सच्या हाताखाली लोक इतकी वर्षं तग धरतात ते लेनी आणि कार्लच्या जोरावर. म्हणूनच त्यांच्याकडून माझी जास्त अपेक्षा आहे.

त्रिज्या

मी पुण्यात आयटीत आहे, वय अठ्ठावीस. मला त्या पाटीचा प्रसंग आठवला. ‘अँड मॅगी मेक्स थ्री’, १९९५. होमर नोकरी सोडून बोलिंग ॲलीत आनंदाने काम करत असतो, मग धाकट्या मुलीची, मॅगीची, चाहूल लागते, पैसे पुरणार नाहीत, आणि तो बर्न्सकडे परत येतो. बर्न्स त्याच्या समोर पाटी लावतो की विसरू नकोस, तू कायमचा इथेच आहेस. होमर मॅगीचे फोटो असे चिकटवतो की पाटीवरची काही अक्षरं झाकली जातात आणि उरलेलं वाचलं तर ‘तिच्यासाठी कर’ असं होतं. घरात मॅगीचे फोटो का नाहीत, याचं उत्तर म्हणून ही सगळी गोष्ट तो मुलांना सांगत असतो.

ग्राइम्सकडे तसा चिकटवायला एकही फोटो नव्हता. वर बोलिंग ॲली, खाली बोलिंग ॲली, मध्ये त्याची खोली. मी घरापासून लांब एकटी राहते, त्यामुळे मला ती खोली फार लागली. माझ्या टीमने पहिल्या आठवड्यात मला चहाला नेलं नसतं तर मी सहा महिन्यांत घरी परतले असते.

काका, तो मुलगा आता कुठे असतो? बोललात का कधी त्याच्याशी?

रात्रपाळी

त्रिज्या, तुझा प्रश्न परवा वाचला आणि उत्तर द्यायला दोन दिवस लागले. नंबर जुन्या डायरीत होता. वाटलं बदलला असेल. काल सेकंड शिफ्टला जायच्या आधी फोन केला.

त्याने आवाज लगेच ओळखला. त्याचं आता स्वतःचं कॅलिब्रेशनचं छोटं वर्कशॉप आहे, दोन मुलं हाताखाली आहेत. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोललो, अडखळत बोललो. हेल्मेटांचंही बोललो आणि नावाचंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, तो एलटी, तो लेव्हल ट्रान्समीटर, बदलला का?”

बदलला म्हटलं. २०१७ च्या शटडाऊनमध्ये. त्याने विचारलं, कोणत्या प्रकारचा बसवला, वरून रडारचा का? मी हो म्हटलं. “मग बरोबर,” म्हणाला, आणि नोझलचा व्यास विचारायला लागला.