भीतीपेक्षा एकटेपणाचा खेळ

वर कोणीतरी लिहिलंय की डिजिटल अरेस्टमध्ये (खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर 'अटक' केल्याचं भासवून पैसे उकळतात ती फसवणूक) फसणारे लोक मुळातच भित्रे असतात, शिकलेल्यांनी तरी अक्कल वापरायला हवी. नाही पटलं. माझे मामा बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यभर लोकांना केवायसी समजावून सांगितलं, आणि तेच दोन तास कॅमेऱ्यासमोर बसून होते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणे, मग समोर खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभाचा बोर्ड वगैरे. पण मामा म्हणाले तुरुंगाच्या धमकीने तेवढा नव्हतो घाबरलो, खरी गंमत पुढे होती, "कॉल कट करायचा नाही, दार लावून घ्या, घरात कोणाला सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ". म्हणजे बायको शेजारच्या खोलीत भाजी निवडतेय आणि हा माणूस तिला वाचवायचं म्हणून गप्प!

घाबरलेला माणूस पहिल्यांदा कोणालातरी विचारतो ना, तीच वाट आधी बंद करतात. मामी चहा घेऊन आत गेली आणि "कोणाशी बोलताय एवढं" म्हणाली म्हणून एफडी वाचली, नाहीतर 'व्हेरिफिकेशन'साठी मोडायचीच बाकी होती.

आणि आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नसतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, जेवढा उशीर तेवढी ती रक्कम पुढच्या खात्यांत पळते. आमच्याकडे आता हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय, गॅसवाल्याच्या नंबरखाली.