मांडवीपलीकडे दिवाडी आणि नार्वे

दोन दिवसांच्या पणजी मुक्कामात काय पाहावं असं विचारलं, की मिरामार, दोनापावला आणि फोंतेन्यास ही ठिकाणं सुचवली जातात, ते बरोबरच. पण एक सकाळ मांडवी नदीपलीकडे द्याच. जुन्या गोव्यातली चर्चेस पाहून व्हाइसरॉय आर्चखालून धक्क्यावर उतरा आणि फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. सप्तकोटेश्वराचं, म्हणजे शंकराचं, मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर देव खाडीपार डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीवरून दुसऱ्या फेरीने नार्वे गाठता येतं. आपल्या माणसांनी हे देऊळ चुकवावं याचं मला फार वाईट वाटतं. पक्ष्यांची आवड असेल तर रायबंदरहून चोडण बेटावर जा, तिथल्या खारफुटीत सलीम अली अभयारण्य आहे.