शाळेच्या संगीत शिष्यवृत्तीच्या ऑडिशनसाठी अवघड रचना घ्यावी की हातात बसलेली?

प्रश्न
माझी अकरा वर्षांची मुलगी पाच वर्षांपासून चेलो (गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य) शिकत आहे आणि माध्यमिक शाळेच्या संगीत शिष्यवृत्तीसाठी आम्ही अर्ज करत आहोत. भिन्न स्वभावाच्या दोन रचना, दुसरे वाद्य, पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजवणे, कानाची परीक्षा आणि मुलाखत असे ऑडिशनचे स्वरूप शाळेने कळवले आहे. आठ श्रेणींच्या परीक्षांपैकी पाचवी ती उत्तीर्ण झाली आहे. सहाव्या श्रेणीची एक वेगवान रचना तिला जेमतेम पेलते. छाप पडावी म्हणून तीच घ्यावी का? तिचा पियानो अगदी प्राथमिक आहे; त्याचा उल्लेख करावा का?

उत्तर १
मी तंतुवाद्ये शिकवते. हातात बसलेली रचनाच घ्यावी, कारण परीक्षक श्रेणीचा आकडा अर्जावर आधीच वाचतात आणि प्रत्यक्षात सुरांची शुद्धता, नादाची गोलाई व संगीतवाक्यांची मांडणी ऐकतात. घरी एकदा पूर्वतयारीशिवाय, अनोळखी पाहुण्यांसमोर, मध्ये न थांबता दोन्ही रचना वाजवायला सांगा. जिथे वादन मोडेल तिथेच ते ऑडिशनमध्येही मोडण्याची शक्यता अधिक. आणखी एक गोष्ट फार थोडे जण सांगतात: घाबरल्यावर गजाचा कंप सर्वांत आधी लांब, हळुवार स्वरांत उघडा पडतो, म्हणून संथ रचनेने सुरुवात करू नये, मध्यम लयीची आधी वाजवावी. पियानोच्या साथीदाराबरोबर किमान दोन तालमी व्हाव्यात, आणि तिथल्या पियानोशी तारा जुळवण्यासाठी वेळ मागून घ्यावा.

उत्तर २
माझा मुलगा गेल्या वर्षी या प्रक्रियेतून गेला. स्वरलिपी वाचताना तो प्रत्येक चूक दुरुस्त करायला थांबत असे, आणि नुकसान चुकीच्या स्वरापेक्षा तुटलेल्या लयीमुळे अधिक होते, हे आम्हाला उशिरा कळले. रोज पाच मिनिटे नवी ओळ घ्या, आधी स्वरसप्तक आणि तालचिन्ह पाहा, मग थांबायचे नाही. पियानो आहे तेवढाच, खरा लिहा. मुलाखतीची उत्तरे मात्र पाठ करून घेऊ नका. तिला काय ऐकायला आवडते आणि का, हे तिच्याच शब्दांत यावे.

उत्तर ३
शिष्यवृत्ती स्वीकारण्यापूर्वी तिच्या अटी लेखी मागा. कुठे शुल्कात सवलत मिळते, कुठे केवळ मोफत शिकवणी. आर्थिक गरजेवर आधारित मदतीचा अर्ज अनेकदा वेगळा असतो. वाद्यवृंदाच्या आणि गायकवृंदाच्या तालमींना हजर राहणे सहसा बंधनकारक असते, आणि अभ्यासाच्या ताणाच्या वर्षांतही ते सुटत नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. काल शेजाऱ्यांसमोर वाजवून घेतले: वेगवान रचना दुसऱ्या पानावर कोलमडली, पाचव्या श्रेणीच्या दोन्ही रचना शेवटपर्यंत टिकल्या. त्याच दोन आता अर्जात लिहिल्या आहेत.