दहा वर्षे जुन्या संगणकासाठी कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार.

माझा गेमिंगचा संगणक मी २०१५ साली सुटे भाग घेऊन जुळवला. त्यात इंटेलचा आय५-४५९० प्रोसेसर, बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स ९६० हे २ जीबी मेमरीचे कार्ड आहे. ४५० वॉटचा पॉवर सप्लायही तेव्हाचाच आहे. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्‌झचा असून तो बदलण्याचा विचार नाही. मध्यंतरी डीडीआर३ रॅम ८ जीबीवरून १६ जीबी केली आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, त्यामुळे रोजच्या कामात हा संगणक अजूनही कुरकुरत नाही. अडते ते फक्त नव्या खेळांपाशी.

सर्वांत मोठी अडचण मेमरीची आहे. टेक्श्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांची) सेटिंग सर्वांत खालच्या पातळीवर ठेवली तरी २ जीबी भरून जाते आणि कॅमेरा झटकन वळवला की चित्र क्षणभर अडखळते. त्यातच एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून आता केवळ सुरक्षेपुरती अद्यतने मिळणार आहेत. म्हणजे आणखी वर्षभर कळ काढूनही हाती काही लागेल असे दिसत नाही.

संपूर्ण संगणकच नवा घ्यावा, हा सल्ला अपेक्षित आहे आणि तो चुकीचाही नाही. परंतु तूर्तास तेवढा खर्च करायचा नाही. आता घेतलेले कार्ड पुढे नव्या संगणकात नेता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

विचारण्यापूर्वी थोडी मोजणी केली. आफ्टरबर्नर या कार्डाचा आणि प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्रामचे आकडे पडद्यावर ठेवून चार खेळ प्रत्येकी अर्धा तास खेळलो. तीन खेळांत कार्ड ९७ ते ९९ टक्के वापरात होते आणि प्रोसेसर ६० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान राहिला. चौथा खेळ मोठ्या शहरात फिरण्याचा आहे. त्यात मात्र प्रोसेसरचे चारही कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) शंभर टक्क्यांना टेकले आणि कार्ड ७० टक्क्यांवर रेंगाळत राहिले. यावरून तीन खेळांत नव्या कार्डाचा उपयोग होईल आणि चौथ्यात होणार नाही, असा निष्कर्ष मी काढला आहे. तो बरोबर आहे का?

विचारात असलेली कार्डे तीन आहेत. पहिले एएमडीचे आरएक्स ६६००, ८ जीबी मेमरीचे. त्याबद्दल शंका अशी की ते पीसीआय एक्सप्रेस (कार्ड मदरबोर्डला जोडणारा मार्ग) ४.० साठी बनवलेले असून स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) वापरते, आणि माझा मदरबोर्ड ३.० चा आहे. दुसरे जीटीएक्स १६६० सुपर. त्याची मेमरी ६ जीबी आहे, पण ते सर्व १६ लेन वापरते, म्हणून जुन्या बोर्डावर अधिक सुरक्षित वाटते. तिसरे आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप. ते सुमारे ७० वॉटमध्ये चालते आणि त्याला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही, हा मोहात पाडणारा गुण आहे.

पॉवर सप्लायविषयीही विचारायचे आहे. सध्याच्या कार्डाला सहा पिनांचा कनेक्टर लावलेला आहे आणि त्याच वायरला दोन पिनांचा एक तुकडा गेली दहा वर्षे नुसताच लोंबकळतो आहे. आरएक्स ६६०० ला आठ पिना लागतात. तो तुकडा त्यासाठीच आहे का, आणि असला तरी इतक्या जुन्या सप्लायवर विसंबावे का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मोजणी करून प्रश्न विचारलात हे उत्तम केलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. निष्कर्ष बहुतांशी बरोबर आहे. फक्त प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर भिस्त ठेवू नका, कारण एकच कोअर पूर्ण भरलेला असला तरी चार कोअरची सरासरी ६० टक्के दिसू शकते. त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे त्या तीन खेळांत रिझोल्यूशन ७२०पी करून पाहणे. फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) संख्या बरीच वाढली, तर अडथळा कार्डाचाच आहे. ती जवळजवळ तेवढीच राहिली, तर तुमचा प्रोसेसर तितक्याच फ्रेम तयार करू शकतो आणि कोणतेही कार्ड घातले तरी त्यापुढे जाता येणार नाही.

लेनची शंका रास्त आहे, पण ती चुकीच्या कार्डाला लावली आहे. पीसीआय एक्सप्रेस ३.० ची एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी माहिती वाहते. म्हणजे आठ लेनवर सुमारे ८ जीबी. कार्डाची मेमरी पुरी पडत असेल, तर १०८०पी ला एवढी रुंदी पुरेशी असते. फटका बसतो तो मेमरी भरून कार्डाला पुन्हा पुन्हा रॅमकडे धाव घ्यावी लागते तेव्हा. म्हणूनच ४ जीबी मेमरी आणि चारच लेन असलेले आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या बोर्डावर टाळावे. ६६०० ची ८ जीबी मेमरीच त्याला या संकटातून बरीचशी वाचवते. स्लॉट खरोखर ३.० ने चालतो आहे ना, हे जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहून घ्या. मात्र कार्ड रिकामे बसलेले असताना तिथे १.१ असे दिसते आणि लोक उगाच घाबरतात. आकड्याशेजारचे प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू केली की खरा वेग कळतो.

१६६० सुपर हे एके काळी चांगले कार्ड होते, पण त्यात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याचे) हार्डवेअर नाही, आणि ते नसेल तर सुरूच न होणारे खेळ आता येऊ लागले आहेत. ३०५० च्या ६ जीबी रूपात ते आहे, शिवाय डीएलएसएसही (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) मिळते. पण वेगात ते ६६०० च्या स्पष्टपणे मागे आहे. ज्याला सप्लाय बदलताच येत नाही, अशा कंपनीच्या तयार डब्यासाठी ते ठीक. तुमची तशी अडचण नाही, तेव्हा माझे मत ६६०० ला. इंटेलच्या आर्क कार्डांचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. त्यांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तुमच्या पिढीच्या बोर्डांवर तो अधिकृतपणे मिळत नाही.

दोन पिनांचा तुकडा त्यासाठीच आहे. सहाच्या शेजारी सरकवून लावला की आठ होतात. विजेची मागणीही फार वाढत नाही, कारण ९६० चा आकडा १२० वॉट आहे आणि ६६०० चा १३२. तरीही सप्लाय बदला. वॉट कमी पडतात म्हणून नव्हे, तर दहा वर्षांत आतले कपॅसिटर थकतात आणि असा सप्लाय जाताना कधी कधी शेजाऱ्यालाही घेऊन जातो. चांगला ५५० वॉटचा सप्लाय पुढच्या संगणकातही चालेल.

प्रश्नकर्ता

आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज ७२०पी ची चाचणी केली. दोन खेळांत फ्रेम ३८-४० वरून ७० च्या पुढे गेल्या, तिसऱ्यात मात्र ४५ वरून जेमतेम ५२ झाल्या. शहराच्या खेळात काहीच फरक पडला नाही. या शेवटच्या दोन खेळांसाठी त्याच बोर्डावर आय७-४७९० बसवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद २

बसेल, सॉकेट एकच आहे; बायोस (मदरबोर्डमधील मूळ प्रोग्राम) मात्र आधी अद्ययावत करून घ्या. कोअर चारच राहतात, पण थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आठ होतात, त्यामुळे शहराच्या खेळातले अडखळणे कमी होईल. सरासरी फ्रेम फारशा वाढणार नाहीत. नवा घेण्याच्या फंदात पडू नका, वापरलेला आणि स्वस्त मिळाला तरच घ्या, कारण तो पुढच्या संगणकात नेता येत नाही. शिवाय चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, हेही हिशेबात धरा. आधी सप्लाय, मग कार्ड, आणि महिनाभर खेळून झाल्यावरच प्रोसेसरचे ठरवा. कार्ड मागवण्यापूर्वी कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतची जागा मोजा, आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए किंवा डीव्हीआय असेल तर तसे सांगा. ६६०० ला साधारणपणे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतात.

प्रश्नकर्ता

मॉनिटरला एचडीएमआय आहे. पिंजऱ्यापर्यंत २६ सेंटीमीटर जागा भरली, म्हणून दोन पंख्यांचे आखूड रूप निवडतो आहे. सप्लाय आजच मागवला.