साओ पाउलोचे गव्हर्नर निवडणुकीच्या वर्षी एप्रिल आला की का बदलतात?

तिस्क_फोंडा
भाचा नोकरीसाठी ब्राझीलला साओ पाउलोला गेलाय, त्याच्याशी फोनवर राजकारणाचा विषय निघाला म्हणून रात्री साओ पाउलो राज्याच्या गव्हर्नरांची यादी काढून बसलो. कोव्हास, आल्कमिन, लेंबो, सेर्रा, गोल्डमन, परत आल्कमिन, फ्रान्सा, दोरिया, गार्सिया आणि 2023 पासून तार्सिसियो. यातले लेंबो (2006), गोल्डमन (2010), फ्रान्सा (2018) आणि गार्सिया (2022) चौघेही फक्त नऊ-नऊ महिने. आणि चौघेही मार्चअखेर नाहीतर एप्रिलच्या सुरवातीला चढले, वर्ष संपलं की उतरले. आपल्याकडे गोव्यात 1990 साली सरकारं पडत होती तेव्हा मुख्यमंत्री चर्चिल आलेमाव तीन आठवडेसुद्धा टिकले नाहीत, पण पडायला काही ठराविक महिना नव्हता. तिथे पण आमदार फुटतात काय? की दिल्लीसारखं वरून कोणतरी बदलतो?

खाजन_बांध
वरून कोण नाही. तो गव्हर्नर म्हणजे आपला काबोवरचा राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्री समजा, फक्त लोकांनी थेट मत देऊन निवडलेला, चार वर्षांसाठी. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मतदान, अर्ध्याच्या वर मतं कोणालाच नाही पडली तर शेवटच्या रविवारी पहिल्या दोघांत परत.
आता एप्रिलचं. तिथे नियम असा की गव्हर्नरला दुसऱ्या कुठल्या पदासाठी उभं राहायचं असेल, राष्ट्राध्यक्ष म्हणा सिनेटर म्हणा, तर मतदानाच्या सहा महिने आधी राजीनामा द्यावाच लागतो. ऑक्टोबरातनं सहा महिने मागे गेलात की एप्रिल. गंमत म्हणजे त्याच खुर्चीसाठी परत उभा राहत असेल तर राजीनामा नको, बसल्या जागेवरून प्रचार कर! सलग दुसरी टर्म 1997 पासून चालते. आणि उपगव्हर्नर त्याच तिकिटावर निवडून आलेला असतो, त्याच्यासाठी वेगळं मत नाही, राजीनामा पडला की तो आपोआप आत. नेता निवड नाही, बहुमत सिद्ध करणं नाही.

सांगेकार
पर्रीकर गेले ती रात्र आठवते ना, 17 मार्च 2019. 19 ला पहाटे दोनच्या सुमारास सावंतांचा शपथविधी झाला तोवर कोण मुख्यमंत्री, कोणाला काय पाहिजे, मित्रपक्षांचे दोन उपमुख्यमंत्री, सगळं घोळातच. टीव्हीसमोर आम्ही जागेच.
साओ पाउलोत कोव्हास पण कॅन्सरनेच गेले, 6 मार्च 2001 ला, पदावर असताना. जानेवारीत रजेवर गेले तेव्हापासून उपगव्हर्नर आल्कमिन काम बघत होते, ते गेल्यावर तेच गव्हर्नर झाले. बस. 2002 ला आल्कमिन उभे राहिले तेव्हा मात्र हे कोर्टापर्यंत गेलं, दोनदा उपगव्हर्नर झालेल्या माणसाची ही पुढची टर्म धरायची कशी म्हणून, पण ते उभे राहिले आणि जिंकले.

म्हापशेची_ताई
सगळे वा वा करताय पण मला ही पद्धत काही ग्रेट वाटत नाही. खुर्ची सोडून गेले ते कशासाठी गेले बघा की. 2006 ला आल्कमिन राष्ट्राध्यक्ष व्हायला गेले, लुलांकडून हरले. 2010 ला सेर्रा गेले, दिल्माकडून हरले. 2018 ला परत आल्कमिन, चौथा नंबर, पाच टक्के पण मतं नाहीत. आणि 2022 चे दोरिया तर कहरच, मार्चअखेर गव्हर्नरपद सोडलं आणि मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतनंच बाहेर, म्हणजे हेही गेलं आणि तेही. चारदा खुर्ची सोडली, एकदाही वरची मिळाली नाही. हाच माणूस 2016 ला साओ पाउलो शहराचा मेयर म्हणून निवडून आला होता, तेही 2018 च्या एप्रिलमध्ये सोडून गव्हर्नरकीला गेला, मेयर झाला उपमेयर ब्रुनो कोव्हास, वरच्या कोव्हासांचा नातू. तो 2020 ला स्वतः जिंकला, 2021 च्या मेमध्ये कॅन्सरनेच वारला, मग त्याचा उपमेयर नुनिस. म्हणजे लोकांनी मत दिलं दोरियाला आणि शहर मिळालं कोव्हासला, परत मत कोव्हासला आणि शहर नुनिसला. आमदार न फुटता सुद्धा माणूस बदलतोच की.
आणि लेंबोंचं तर मला वाईटच वाटतं. 31 मार्च 2006 ला बसले, सहा आठवड्यांत 12 मे पासून तुरुंगातल्या टोळीने अख्ख्या राज्यात पोलिसांवर हल्ले सुरू केले, बसी जाळल्या, शहर घरात बसलं. ज्या माणसाला पोस्टरवर बाजूला उभं केलेलं त्याच्या गळ्यात हे सगळं.

तिस्क_फोंडा
ताई हे भारी आहे. म्हणजे उपगव्हर्नरचं नाव बघूनच मत द्यायला पाहिजे तिथे. पण त्या नऊ महिन्यांत नवीन माणसाला फायदा होत नाही काय, खुर्चीवर बसून निवडणूक लढवायची म्हणजे?

खाजन_बांध
होतो पण पुरत नाही. फ्रान्सा 2018 ला दुसऱ्या फेरीपर्यंत आले आणि दोरियांकडूनच हरले. गार्सिया 2022 ला तिसरे, दुसरी फेरी तार्सिसियो आणि हद्दाद यांच्यात झाली. कोव्हासांपासून एकाच पक्षाचं राज्य चाललेलं (मधले लेंबो, फ्रान्सा दुसऱ्या पक्षांचे, पण आले त्यांच्याच तिकिटाबरोबर), ते तिथे संपलं. आणि आल्कमिन? तेच 2022 ला लुलांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, ज्यांच्याकडून 2006 ला हरले होते त्यांचे. आपले पक्षांतरवाले उगाच बदनाम.
शेजारच्या रिओ राज्याचं वेगळं. तिथे नुसता एप्रिल नाही, पोलिसही येतात. गव्हर्नर पेझाव पदावर असतानाच नोव्हेंबर 2018 ला अटक, उरलेला महिना उपगव्हर्नर दोर्नेलिसनी काढला. मग वित्झेल, स्वतः माजी न्यायाधीश, 2020 च्या ऑगस्टमध्ये निलंबित आणि 30 एप्रिल 2021 ला पाच आमदार आणि पाच न्यायाधीश अशा खास कोर्टाने 10-0 ने काढलं. उपगव्हर्नर कास्त्रो आत.

जुने_गोंय_वाचक
जरा विषयांतर, पण साओ पाउलो राज्यात साओ व्हिसेंती गाव आहे ना, ते 1532 ला वसवलं मार्तीम अफोन्सो द सोझाने, पोर्तुगालच्या राजाने त्याला तिथली कॅप्टन्सी, म्हणजे जहागिरीसारखा मुलूख, वंशपरंपरागत दिली. आणि तोच 1542 ला आपल्याकडे गोव्याला गव्हर्नर म्हणून आला, त्याच्याच आरमारातनं फ्रान्सिस झेवियर उतरला. तीन वर्षांत त्याची जागा दुसऱ्याने घेतली, लिस्बनहून हुकूम आला की संपलं. जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये या गव्हर्नर-व्हाइसरॉयांची चित्रं ओळीने लावलीत, भाच्याला सुट्टीत घेऊन जा.

सांगेकार
एक राहिलं. उपगव्हर्नरच नसेल तर? अलागोआस म्हणून छोटं राज्य आहे, तिथला उपगव्हर्नर 2020 ला एका शहराचा मेयर व्हायला निघून गेला, मग एप्रिल 2022 ला गव्हर्नर सिनेटला उभा राहायला गेला. वर कोणीच नाही. शेवटी मे महिन्यात विधानसभेने मतदान करून पाउलो दांतासला गव्हर्नर केला, तो स्वतः आमदारच.

म्हापशेची_ताई
आमदारांनी निवडला? आता ओळखीचं वाटायला लागलं 😂