मदत हवी आहे: वायजी इंजिनाच्या स्प्रिंगवाल्या चासीत पुढची चाकं हलकी पडताहेत

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय.

मीटरगेजच्या वायजी या वाफेच्या इंजिनाचं (2-8-2, म्हणजे पुढे दोन छोटी, मध्ये आठ मोठी, मागे दोन छोटी चाकं) मॉडेल 1:87 मापात, 12 मिमी रुळावर, वर्षभर घरीच करतोय. आजोळ महूचं, त्यामुळे पातालपाणीच्या रेल्वेघाटाचं वेड लहानपणापासूनचं. प्लायवुडवर घाटही केलाय, खऱ्यासारखा चाळीसात एक चढ ठेवून. पण ते प्लायवुड पावसाळ्यात फुगतं, आणि आठही चाकं घट्ट बसवलेली पहिली चासी त्यावर एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी डुगडुगायची. म्हणून दुसरी चासी स्प्रिंगवर केली.

रचना अशी: 0.5 मिमी पितळी पत्र्याच्या चौकटी, प्रत्येक आसाला वर-खाली सरकणारे हॉर्नब्लॉक (आसाची टोकं धरणारे ठोकळे). दोन्ही बाजूंना एकेक अखंड स्प्रिंग तार, चौकटीवरच्या पाच टेकूंमधून आणि चार हॉर्नब्लॉकांवरच्या कड्यांमधून ओवलेली. तार म्हणजे गिटारची 10 नंबरची, 0.25 मिमी. मोटर फायरबॉक्समध्ये, गिअरबॉक्स तिसऱ्या आसावर.

तक्रार: इंजिन मागे बसल्यासारखं दिसतं आणि सांध्यावर पुढचं चाक रूळ चढून उतरतं. सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानातून खिशातला काटा आणून एकेक आस तोलला. बाकीच्या चाकांखाली काट्याच्या उंचीचे ठोकळे दिले होते. पुढून मागे 20, 30, 39, 49 ग्रॅम. बेरीज 138, पण टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) सोडून अख्खं इंजिन भरतं 152. बाकीचे 14 ग्रॅम कुठे गेले?

12 नंबरची तार घातली तर सुटेल का? पुन्हा सगळं उसवायच्या आधी विचारतोय.

जुना फिटर:
तार बदलून हे सुटणार नाही. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 10 वरून 12 वर गेलात की दुपटीला जरा जास्तच. इंजिन कमी दबेल, तिरकेपणाही निम्मा होईल, डोळ्यांना बरं वाटेल. पण कुठल्या आसावर किती वजन, हे इंजिनाचा भार कुठे आहे आणि टेकू कुठे आहेत यावर ठरतं. सारखीच तार सगळीकडे जाड केली तर वाटणी तीच राहते. दुखणं झाकलं जाईल, एवढंच.

14 ग्रॅम तुमच्या पोनी ट्रकांवर, म्हणजे पुढच्या-मागच्या छोट्या चाकांच्या जोड्यांवर आहेत. पुढच्या पोनीला स्प्रिंग लावली आहे ना? ती नाक वर उचलतेय. दोन्ही पोनी काढा, पुन्हा तोला. मग इंजिन आडव्या पेन्सिलीवर ठेवून तोल कुठे साधतो ते बघा. तो पहिल्या आणि चौथ्या आसाच्या बरोबर मध्ये यायला हवा.

आणि मोठी चाकं एकमेकांना जोडणारा कपलिंग रॉड अखंड आहे की सांध्याचा? अखंड असेल तर स्प्रिंगा असून नसल्यासारख्याच, रॉड चाकांना हलूच देणार नाही.

इंदूरकर (धागाकर्ता):
रॉड तीन तुकड्यांचा आहे, तिथे वाचलो. पोनीला स्प्रिंग आहे, हो. हौसेने लावली होती.

दोन्ही पोनी काढल्यावर 26, 33, 40, 46. बेरीज 145. म्हणजे स्प्रिंगनेच 7 ग्रॅम पळवले होते, उरलेले 7 पोनींचे स्वतःचे. तोल मध्यापासून साडेतीन मिमी मागे साधतो.

जुना फिटर:
मग गणित सरळ आहे. 145 गुणिले 3.5 म्हणजे 507. स्मोकबॉक्स (बॉयलरचं पुढचं टोक) मध्यापासून साधारण 30 मिमी पुढे असेल, तर 507 भागिले 30, सुमारे 17 ग्रॅम शिसं तिथे भरा. एकूण 162 झाले की तार जास्त दबेल. तेव्हा 11 नंबरची घाला, 12 ची गरज नाही. बफरची उंची अर्धा मिमी दबेल असं धरूनच ठरवा. वजन आधी, तार नंतर. हा क्रम उलटा केला की माणूस तारा बदलतच बसतो.

पोनीची स्प्रिंग इतकी मऊ करा की ती फक्त पोनीला रुळावर धरेल.

माळवी प्रवासी:
शिसं एअरगनच्या छर्ऱ्यांचं घ्या, एक छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. पण पांढऱ्या लाकडी गोंदात बसवू नका. शिशाशी त्याची प्रक्रिया होऊन ते काही महिन्यांनी फुगतं आणि बॉयलर फाटतो. इपॉक्सी वापरा. माझं एक डब्ल्यूपी इंजिनाचं मॉडेल असंच गेलंय.

शिवाय, करंट घेणाऱ्या पत्त्या चाकांना किती दाबताहेत तेही बघा. जाड पत्ती लावली की ती एका बाजूची स्प्रिंगच होऊन बसते.

इंदूरकर (धागाकर्ता):
पत्त्या जाडच आहेत, आता बारीक फॉस्फर ब्राँझच्या लावतो. छर्ऱ्यांसाठी उद्या सियागंजात जातोय. बायको विचारतेय, खेळण्यातल्या गाडीला बंदुकीच्या गोळ्या कशाला. पुढचे आकडे रविवारी टाकतो.